फ्लॅशचे अंतर, छिद्र आणि एक्सपोजर: हाताने करायचा हिशेब

निपाणीजवळच्या एका गावात दोन वर्षांपासून लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या एका तरुणाने मला तीन प्रश्न विचारले आहेत. फ्लॅश टीटीएलवर (म्हणजे ताकद कॅमेऱ्यानेच ठरवण्याच्या पद्धतीवर) ठेवून एकाच मंडपात, एकाच जागेवरून चित्रे काढली तरी कधी नवरदेवाचा चेहरा काळवंडतो आणि कधी पांढराफटक पडतो, हे कशामुळे, हा पहिला. गटाच्या छायाचित्रात पुढची रांग उजळ आणि मागची अंधारात का जाते, हा दुसरा. फ्लॅशचे अंतर आणि लेन्सचे छिद्र यांचा हिशेब हाताने करता येतो का, की त्यासाठी फ्लॅश मीटर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश मोजायचे यंत्र, विकत घ्यावाच लागतो, हा तिसरा. सोबत त्यांनी आपली काही चित्रे आणि त्यांची सेटिंग्जही पाठवली आहेत. बेळगाव, खानापूर, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात मी एकतीस वर्षे हेच काम करत आलो आहे आणि हे तिन्ही प्रश्न मलाही एके काळी पडले होते, म्हणून उत्तर थोडे सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. फ्लॅश वापरून काढलेल्या प्रत्येक चित्रात दोन एक्सपोजर (चित्रावर पडलेल्या प्रकाशाची मात्रा) एकावर एक बसलेली असतात. एक मंडपातल्या दिव्यांचे किंवा दिवसाच्या उजेडाचे, आणि दुसरे फ्लॅशचे. पहिल्यावर शटरचा वेग, छिद्र आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) या तिन्हींचा परिणाम होतो. फ्लॅशचा लखलखाट मात्र सेकंदाच्या शेकडोव्या किंवा हजारोव्या भागात होऊन जातो. शटर तेवढ्या वेळात पूर्ण उघडे असले म्हणजे झाले, मग ते १/६० चे आहे की १/२०० चे, याने फ्लॅशच्या एक्सपोजरमध्ये फरक पडत नाही. फ्लॅशचे एक्सपोजर ठरते ते फ्लॅशची ताकद, फ्लॅशपासून माणसापर्यंतचे अंतर, छिद्र आणि आयएसओ या चार गोष्टींवर. चेहरा पांढरा पडला म्हणून शटर १/१०० वरून १/२०० वर नेणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. त्याने मागचा मंडप काळा होतो, चेहरा होता तसाच राहतो.

या चार गोष्टींपैकी तीन कॅमेऱ्याच्या आणि फ्लॅशच्या पडद्यावर आकड्यांत दिसतात. अंतर कुठेच दिसत नाही, ते आपण मोजावे लागते. तुमच्या सगळ्या अडचणींचे मूळ माझ्या मते इथेच आहे.

फ्लॅशसारख्या लहान स्रोतातून निघालेला प्रकाश पुढे जाताना पसरत जातो, म्हणून अंतर दुप्पट झाले की तो चौपट जागेवर पसरतो आणि माणसाच्या चेहऱ्यावर एक चतुर्थांश पडतो. अंतर तिप्पट झाले की एक नवमांश. दुसरीकडे, छिद्राचा एफ आकडा (हा जितका मोठा तितके छिद्र लहान) दुप्पट केला, म्हणजे एफ ४ चा एफ ८ केला, तरीही लेन्समधून येणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. अंतर आणि एफ आकडा दोघेही वर्गाच्या प्रमाणात प्रकाश घटवतात, म्हणून एक वाढवला तर दुसरा तितक्याच पटीने कमी केला की एक्सपोजर कायम राहते. याचा अर्थ असा की, एखाद्या फ्लॅशसाठी अंतर आणि एफ आकडा यांचा गुणाकार नेहमी एकच येतो. तोच गाइड नंबर. गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे छिद्र, आणि गाइड नंबर भागिले छिद्र म्हणजे अंतर. सगळा हिशेब एवढ्या एका भागाकारावर चालतो.

हा आकडा मीटरमध्ये आणि आयएसओ १०० साठी सांगण्याचा प्रघात आहे. जुन्या फ्लॅशवर कधी १२० असा मोठा आकडा दिसतो, तो फुटांतला असतो. मीटरमध्ये तो साधारण ३६ होतो. ताकदवान फ्लॅश स्वस्तात मिळाला असे समजून कोणी फसू नये, म्हणून हे सांगितले. आताच्या फ्लॅशच्या बाबतीत दुसरीच गोष्ट पाहावी लागते. कॅननच्या ६०० ईएक्स फ्लॅशचा गाइड नंबर ६० सांगितला जातो, पण तो फ्लॅशचे डोके २०० मिलिमीटरवर झूम करून प्रकाश अरुंद झोतात गोळा केल्यावरचा असतो. तेच डोके ३५ मिलिमीटरवर आणले की त्याच फ्लॅशचा गाइड नंबर ३६ उरतो. मंडपात आपण काम करतो ते बहुधा ३५ ते ५० च्या दरम्यान, त्यामुळे खोक्यावरच्या ६० चा आपल्याला काडीचा उपयोग नाही. शिवाय डोके ऑटो झूमवर असेल तर तुम्ही लेन्स ३५ वरून ५० वर फिरवताच फ्लॅशही झूम होतो आणि गाइड नंबर जवळपास अर्ध्या स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) वाढतो. हाताने हिशेब करायचा असेल तर डोके ३५ वर कायम करून ठेवावे. थोडा प्रकाश वाया जातो, पण हिशेब हलत नाही.

पुस्तिकेतला ३५ मिलिमीटरवरचा आकडाही मी जसाच्या तसा धरत नाही. तो आकडा नवा फ्लॅश, ताजे सेल आणि बऱ्याचदा फिकट भिंतींची खोली गृहीत धरून दिलेला असतो. आपला फ्लॅश आपणच तपासावा, आणि ते एका रात्रीचे काम आहे. अंगणात किंवा गच्चीवर, जवळ पांढरी भिंत नसेल अशा जागी, घरातल्या कोणाला तरी उभे करा. अंगावर पांढरे किंवा काळे कपडे नकोत, मध्यम रंगाचा सदरा असावा. टेप लावून फ्लॅशच्या काचेपासून त्यांच्या नाकापर्यंत बरोबर साडेतीन मीटर मोजा आणि पायाखाली खडूची रेघ मारा. आयएसओ १००, शटर १/१२५, डोके ३५ वर, ताकद पूर्ण. मग एफ ५.६, ६.३, ७.१, ८, ९, १०, ११ अशी एकेक चित्रे काढा. प्रत्येक चित्रानंतर फ्लॅशचा दिवा लागला तरी आणखी दहा-पंधरा सेकंद थांबा, कारण तो दिवा फ्लॅश पूर्ण भरण्याच्या आधीच लागतो. घरी येऊन मोठ्या पडद्यावर चेहऱ्याची कातडी पाहा. कपाळावरची चमक जिथे पांढरी होऊन नाहीशी होत नाही आणि गालाचा रंग जिथे खरा वाटतो, ते चित्र निवडा. माझ्या रोजच्या फ्लॅशचे ते चित्र एफ ८ चे निघाले. साडेतीन गुणिले आठ, म्हणजे २८. पुस्तिकेत ३६ लिहिले होते. दोन्हींत सुमारे पाऊण स्टॉपचा फरक. ३६ धरून काम केले असते तर माझी सगळी चित्रे पाऊण स्टॉप काळी आली असती. तेव्हापासून फ्लॅशच्या पाठीवर चिकटपट्टी लावून मी त्यावर २८ लिहून ठेवले आहे. तुमचा आकडा वेगळा येईल. पुढची उदाहरणे मी २८ धरूनच देतो.

आता आयएसओ आणि ताकद. आयएसओ चौपट केला की गाइड नंबर दुप्पट होतो, म्हणून आयएसओ ४०० ला माझा २८ चा ५६ होतो आणि १६०० ला ११२. दुप्पट केला की १.४ पट. ताकदीचे गणित याच्या उलट चालते: अर्ध्या ताकदीवर गाइड नंबरला १.४ ने भागायचे, १/४ वर २ ने, १/८ वर २.८ ने, १/१६ वर ४ ने. लग्नात मी बहुतेक वेळ आयएसओ ८०० वर असतो. तिथे पूर्ण ताकदीचा गाइड नंबर २८ गुणिले २.८, म्हणजे ७९ च्या आसपास येतो, आणि १/१६ वर तो २० उरतो. छिद्र एफ ५.६ ठेवले तर २० भागिले ५.६, म्हणजे साडेतीन मीटर.

हे एक वाक्य मी पाठ करून ठेवले आहे: आठशे, एक सोळांश, पाच पॉइंट सहा, साडेतीन मीटर. बाकी सगळे मी यावरून काढतो. २.५, ३.५, ५ आणि ७ मीटर ही अंतरे एकमेकांपासून एकेका स्टॉपवर आहेत. साडेतीनवरून अडीच मीटरवर सरकलो की ताकद १/३२ करतो किंवा छिद्र एफ ८. पाच मीटरवर गेलो की ताकद १/८ किंवा छिद्र एफ ४. भागाकार करत बसायची गरज पडत नाही. तुम्ही तुमच्या गाइड नंबरवरून असेच एक वाक्य तयार करा आणि पहिले सहा महिने ते सोडू नका.

पूर्ण ताकदीवर काम न करता आयएसओ वाढवण्याला कारण आहे. मंगलाष्टके संपून 'शुभमंगल सावधान' होते आणि अक्षता पडायला लागतात, त्या तीन-चार सेकंदांत चार-पाच चित्रे मिळायला हवीत. पूर्ण ताकदीवर फ्लॅश एकदा लखलखला की भरून यायला कित्येक सेकंद घेतो, आणि दुसरे चित्र अर्धवट भरलेल्या फ्लॅशचे, म्हणजे काळे येते. १/१६ वर तो जवळजवळ लगेच तयार असतो. त्याशिवाय कमी ताकदीवर लखलखाटाचा काळही लहान होतो, त्यामुळे हवेतला अक्षतेचा दाणा फराट्यासारखा न दिसता दाण्यासारखा दिसतो. आजच्या कॅमेऱ्यांत आयएसओ ८०० ची किंमत फार थोडी आहे. हुकलेले चित्र मात्र परत काढता येत नाही.

अंतर मोजायचे कसे? मला हे काम ज्यांनी शिकवले त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. त्यांच्याकडे यशिका मॅट १२४ जी हा फिल्मचा कॅमेरा होता, बारा चित्रांचा रोल, आणि पाठीवर छिद्र सांगणारी फिरती चकती असलेला फ्लॅश. ते मंडपात शिरले की पहिल्यांदा कॅमेरा बाजूला ठेवून बोहल्यापासून मागे चालत यायचे आणि पावले मोजायचे. मी घाईने कॅमेरा उचलला की म्हणायचे, "आधी पावलं मोज, मग बटण दाब की." माझे सहज पाऊल सत्तर सेंटिमीटरचे आहे, म्हणून पाच पावले म्हणजे साडेतीन मीटर आणि सात म्हणजे पाच मीटरच्या थोडे अलीकडे. तुमचे पाऊल टेपने मोजून घ्या. आताच्या मंगल कार्यालयांत बहुधा दोन फुटांची चौकोनी फरशी असते. सहा फरश्या म्हणजे ३.६ मीटर, आणि व्ह्यूफाइंडरमधून डोळा न काढताही त्या मोजता येतात. लग्न सुरू होण्याआधी मी बोहल्यासमोर साडेतीन आणि पाच मीटरवर जमिनीवर कागदी चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावून घेतो. गर्दीत पाय तिथे आपोआप जातात.

अण्णांच्या हाताखाली असतानाच माझ्या हातून एक चूक घडली, ती सांगतो, कारण तिच्यातून एक सवय लागली. खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी पहिल्यांदा एकट्याने लग्न घेतले होते. आदल्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी फ्लॅशची चकती ४०० वर लावली होती ती तशीच राहिली, आणि कॅमेऱ्यात फिल्म होती १०० ची. चकतीने सांगितलेले छिद्र मी डोळे झाकून लावत गेलो. सगळे रोल दोन स्टॉप कमी, निगेटिव्ह काचेसारख्या पातळ. अण्णांनी रात्री जागून कडक कागदावर छापून जेवढे वाचवता आले तेवढे वाचवले, पण नवरीच्या आईच्या चेहऱ्यावर तपशील आलाच नाही, आणि तिचे त्या दिवसाचे दुसरे चित्र नव्हते. तेव्हापासून घराबाहेर पडण्यापूर्वी आयएसओ, ताकद आणि झूम हे तीन आकडे मी मोठ्याने वाचतो. आज मागच्या पडद्यावर चित्र लगेच दिसते, तरीही वाचतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. टीटीएलमध्ये फ्लॅश मुख्य लखलखाटाआधी एक बारीक लखलखाट टाकतो, समोरून किती प्रकाश परत आला ते कॅमेरा मोजतो आणि समोरचे दृश्य मध्यम करड्या उजळपणाचे आहे असे धरून ताकद ठरवतो. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या चित्रात नवरदेवाचा फेटा पांढरा आहे, अंगात मोतिया रंगाची शेरवानी आहे आणि मागे पांढऱ्या कापडाचा पडदा आहे. भरपूर प्रकाश परत आला, कॅमेऱ्याने ताकद कमी केली आणि चेहरा काळवंडला. दुसऱ्या चित्रात त्याच नवरदेवाशेजारी काळा कोट घातलेले दोघे उभे आहेत आणि पडद्याऐवजी मागे अंधार आहे. प्रकाश कमी परत आला, ताकद वाढली, चेहरे फटक पडले. फ्लॅशमध्ये बिघाड नाही आणि तुमचीही चूक नाही. कॅमेरा कपडे मोजतो आहे. गाइड नंबरच्या हिशेबाचे सर्वांत मोठे बळ हे आहे की त्यात कपड्यांचा रंग येतच नाही. साडेतीन मीटरवर पोहोचणारा प्रकाश तेवढाच असतो, तिथे पांढऱ्या सदऱ्यातला वारकरी उभा असो की काळी घोंगडी पांघरलेला धनगर. पांढरे पांढरे दिसते, काळे काळे दिसते आणि चेहरा चेहऱ्यासारखा.

टीटीएल वापरूच नये असे मी म्हणत नाही. वरातीत, हळदीत, माणसे दर क्षणी जवळ-लांब होत असतात तिथे मीही टीटीएल लावतो आणि पांढरा रंग जास्त असेल तर पाऊण ते एक स्टॉप वाढवतो, काळा जास्त असेल तर तेवढाच कमी करतो. पण बोहला, स्टेजवरचे आहेर आणि गटाची चित्रे यांत अंतर आपल्या हातात असते. तिथे मॅन्युअलच, म्हणजे ताकद आपण हाताने ठरवलेलीच, असावे असे माझे स्पष्ट मत आहे. दोनशे पाहुणे एकामागून एक स्टेजवर येऊन फोटो काढून जातात आणि दोनशेही चित्रे एकसारखी येतात, मग रात्री संगणकावर एकेक चित्र उजळत बसावे लागत नाही.

दुसरा प्रश्न गटाचा. तुमच्या चित्रात पुढची रांग फ्लॅशपासून साधारण अडीच मीटरवर दिसते आणि मागची रांग तिच्या मागे एक मीटर, म्हणजे साडेतीन मीटरवर. वर सांगितलेली अंतरे पुन्हा पाहा: मागची रांग बरोबर एक स्टॉप काळी आली आहे. फ्लॅशची ताकद वाढवून हा फरक जात नाही, कारण दोन्ही रांगा सारख्याच उजळतात आणि पुढची रांग फटक पडते. उपाय मागे सरकण्याचा आहे. पाच मीटरवर गेलात की मागची रांग सहा मीटरवर येते. पाच आणि सहा यांच्या वर्गांत फरक १.४४ पटीचा, म्हणजे जेमतेम अर्धा स्टॉप, आणि तो डोळ्याला जाणवत नाही. दोन्ही रांगा स्पष्ट याव्यात म्हणून छिद्र एफ ८ ठेवले तर पाच गुणिले आठ, म्हणजे ४० चा गाइड नंबर हवा. आयएसओ ८०० ला माझा ७९ आहे, त्याच्या अर्धा ४०, म्हणजे ताकद १/४. स्टँड असेल तर फ्लॅश माणसांच्या डोक्यांवर उंच न्या आणि त्याचे तोंड मागच्या रांगेकडे करा. झोताचा मध्य मागे जातो, कड पुढच्या रांगेवर पडते आणि उरलेला फरकही बराच कमी होतो. जागा कमी असेल आणि मागे सरकता येत नसेल तर मी तीन रांगांचा हट्ट न धरता दोन चित्रे काढतो.

छतावरून प्रकाश परतवण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पाठवलेल्या दोन चित्रांत फ्लॅशचे तोंड वर दिसते, म्हणून सांगतो. पांढरे सपाट छत तीन मीटरवर असेल तर ही पद्धत सुंदर प्रकाश देते. मात्र अंतर आता सरळ राहत नाही. फ्लॅशपासून छतापर्यंत आणि छतापासून चेहऱ्यापर्यंत असा वळसा मोजावा लागतो. माणूस तीन मीटरवर असताना हा वळसा सुमारे ४.२ मीटरचा होतो, आणि छतावर प्रकाश विखुरला जातो त्याचे वर आणखी दोन स्टॉप धरावेत. आयएसओ ८०० चा ७९ भागिले ४.२ म्हणजे साधारण एफ १९. दोन स्टॉप वजा केले की एफ ९. मला एफ ४.५ वर काम करायचे असेल तर ताकद १/४. पांढऱ्या छताखाली हा अंदाज सहसा अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त चुकत नाही.

पण आपल्याकडची घरे पाहा. खानापूरकडच्या आणि नदीकाठच्या जुन्या घरांत वर मंगळुरी कौले असतात, नाहीतर काळ्या पडलेल्या लाकडी तुळयांचा माळा. कौलांकडे टाकलेला फ्लॅश बहुतांश कौलांतच मुरतो, आणि जो थोडा परत येतो तो तांबूस होऊन येतो. मंडपात छताला भगवे किंवा गुलाबी कापड असेल तर चेहऱ्यांवरही तोच रंग उतरतो आणि डोळ्यांखाली सावली पडते. अशा जागी छताचा नाद सोडून जवळच्या चुन्याच्या भिंतीवरून प्रकाश परतवावा, तीही नसेल तर फ्लॅश सरळ पण कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला धरावा. मी अशा घरांसाठी पांढऱ्या जाड पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा गाडीत ठेवतो आणि कोणाला तरी तो उंच धरायला सांगतो. पुठ्ठा कुठे आहे हे आपल्याला माहीत असल्यामुळे अंतराचा हिशेब परत हातात येतो.

मंडपातल्या रोषणाईसाठी शटर १/१०० वर ठेवायचा माझा नियम आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० असले की स्वस्त एलईडीचे आडवे पट्टे चित्रात सहसा दिसत नाहीत. फ्लॅश बंद करून एक चित्र काढून पाहावे. ते मंद असावे पण मंडपाची सजावट ओळखू यावी. मग फ्लॅश चालू करावा. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मी हेच थोडे ताणतो: आयएसओ १६००, एफ ४, शटर १/३०, आणि फ्लॅश १/३२ वर. गाइड नंबर ११२ भागिले ५.६ म्हणजे २०, आणि २० भागिले ४ म्हणजे पाच मीटर. चित्ररथावरचे दिवे आणि रस्त्यावरची रोषणाई सावकाश शटरने येतात, पाच मीटरवरचे कलाकार फ्लॅशने स्थिर होतात. पाच मीटर राखण्यासाठी मी रथाच्या वेगाने उलटा चालतो, आणि सोबतचा मुलगा माझा पट्टा धरून मला गर्दीतून वाट काढून देतो.

भर उन्हातही हाच हिशेब लागू पडतो. निपाणीच्या बाजूला तंबाखूच्या शेतात दुपारी माणसाचे चित्र काढायचे आहे, टोपीखाली चेहरा काळा पडला आहे. कडक उन्हात आयएसओ १०० ला १/२५० आणि एफ ११ हे उन्हाचे एक्सपोजर धरता येते. २८ भागिले ११ म्हणजे अडीच मीटर; तेवढ्या अंतरावरून पूर्ण ताकदीचा फ्लॅश उन्हाच्या बरोबरीचा होतो. चेहरा उन्हापेक्षा उजळ दिसायला नको, सावली फक्त मऊ व्हायला हवी, म्हणून तो एक स्टॉप कमी करायचा: अडीच मीटरवरून अर्धी ताकद, किंवा साडेतीन मीटरवरून पूर्ण. इथे कॅमेऱ्याचा सिंक वेग, म्हणजे फ्लॅशच्या वेळी शटर पूर्ण उघडे असते असा सर्वांत जास्त वेग, ओलांडू नये. तो १/२०० असेल तर १/२०० वर थांबून छिद्र एफ १३ करावे. त्याहून वेगवान शटरवर कॅमेरा हाय-स्पीड सिंकमध्ये जातो, फ्लॅश एकाच झटक्याऐवजी तुकड्या-तुकड्यांनी प्रकाश देतो, ताकद खूप घटते आणि २८ हा आकडा तिथे चालत नाही.

भंडाऱ्याचे एक सांगतो, कारण चिंचलीच्या मायाक्का यात्रेतली किंवा सौंदत्तीच्या डोंगरावरची चित्रे घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात आणि सगळीकडे पांढरे गोळे दिसतात अशी तक्रार करतात. भंडाऱ्याचा कण लेन्ससमोर अर्ध्या मीटरवर असेल आणि भक्त साडेतीन मीटरवर, तर कण सातपट जवळ आहे, म्हणजे त्याच्यावर ४९ पट प्रकाश पडतो. तो जळून पांढरा होणारच. जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात थेंबांचे आणि धुक्याचेही हेच होते. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हात लांब करून बाजूला धरला की लेन्सच्या अगदी समोरचे कण झोतात येत नाहीत, आणि मागचे कण बाजूने उजळून पिवळेच दिसतात. मी अशा ठिकाणी उजेड असेल तोवर फ्लॅश लावतच नाही.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढला की एक गोष्ट विसरू नये: अंतर फ्लॅशपासून माणसापर्यंतचे धरायचे, कॅमेऱ्यापासूनचे नाही. फ्लॅश स्टँडवर दोन मीटरवर असेल तर तुम्ही कॅमेरा घेऊन दहा मीटर मागे जा, फ्लॅशचे एक्सपोजर तेच राहते. माझ्या स्टँडला एक सुतळी बांधलेली आहे, तिला १.४, २, २.८ आणि ४ मीटरवर गाठी आहेत. मुलगा सुतळीचे टोक नवरीच्या खांद्याजवळ धरतो, ताणतो, आणि "दुसरी गाठ" म्हणून ओरडतो. या गाठींमध्येही एकेका स्टॉपचे अंतर आहे. छिद्रांच्या रांगेत जे आकडे असतात तेच इथे आहेत.

छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावला की मात्र फ्लॅशवर लिहिलेला गाइड नंबर निरुपयोगी होतो, कारण कापड किती प्रकाश खाते हे प्रत्येक वस्तूगणिक वेगळे असते. शिवाय अंतर दुप्पट तर प्रकाश चतुर्थांश हा नियम स्रोत लहान असतानाचा आहे. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स असेल तर साधारण तीन मीटरपलीकडे तो नीट लागू पडतो, अगदी जवळ आणल्यावर प्रकाश त्याहून सावकाश बदलतो. म्हणून सॉफ्टबॉक्ससाठी अंगणातली तीच चाचणी दीड आणि दोन मीटरवर वेगळी करून ते आकडेही चिकटपट्टीवर लिहावेत.

राहिला मीटरचा प्रश्न. तुमचे काम लग्नाचे, फ्लॅश एक किंवा दोन आणि अंतरे ठरलेली असताना मीटर लगेच घेऊ नका. त्या पैशांत आधी चांगल्या रिचार्जेबल सेलचे तीन संच घ्या. सेल दमले की फ्लॅश भरायला वेळ लागतो, अर्धवट भरलेला फ्लॅश लखलखतो आणि कितीही बिनचूक हिशेब केला तरी चित्र काळे येते. पुढे स्टुडिओ टाकलात, तीन-चार दिवे आणि वेगवेगळ्या आकारांचे सॉफ्टबॉक्स आले, तर मीटर घ्या, आणि तो माणसाच्या हनुवटीखाली धरून, पांढरा गोळा कॅमेऱ्याकडे करून वापरा. तोवर पाच मीटरची टेप आणि खडू पुरे आहे. अंगणातली चाचणी झाली की तुमचा आकडा आणि ती सातही चित्रे मला पाठवा. योग्य चित्र निवडताना पहिल्यांदा हमखास थोडे उजळ चित्र निवडले जाते, तेवढे मी पाहून सांगेन.